शाळेच्या लॅबमधले २२ जुने पीसी, विंडोज १० संपलं, एकेकावर टाकत बसू की क्लोन करू?

सातपुडा_मास्तर

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची शाळा आहे, मी मूळचा गणिताचा पण "सरांना कॉम्प्युटरमधलं कळतं" एवढ्या एका वाक्यावर लॅब माझ्या गळ्यात पडली ती पडलीच. लॅबमध्ये २२ पीसी आहेत, त्यातले १८ एका कंपनीने जुने झाले म्हणून शाळेला दिलेले, आय थ्री फोर्थ जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरणारी हार्डडिस्क. उरलेले ४ त्याहून म्हातारे, कोअर टू ड्युओ, २ जीबी रॅम. सगळ्यांवर विंडोज १० आहे आणि चालू व्हायला इतका वेळ घेतात की तासिका ३५ मिनिटांची त्यातली दहा मिनिटं पोरं नुसतं गोल फिरणारं चक्र बघत बसतात.

२०२५ च्या ऑक्टोबरात विंडोज १० चा सपोर्ट संपला, ११ टाकायला गेलो तर पीसी पात्र नाही म्हणतं. संस्थेने थोडे पैसे मंजूर केलेत पण नवे पीसी येतील एवढे अजिबात नाहीत. सुट्टीत बसून सगळं नीट करायचा विचार आहे, जूनमध्ये शाळा उघडायच्या आत. प्रश्न दोन. एक म्हणजे टाकू काय? आणि दुसरा, २२ पीसीवर पेनड्राईव्ह घेऊन एकेक करत बसायचं का एकदा एक तयार करून बाकीच्यांवर उतरवता येतं? क्लोनिंग ऐकून आहे, केलेलं नाही. इंटरनेट आहे पण गावातलं आहे, समजून घ्या. लाईटचं तर विचारूच नका.

गोलाणी_गल्ली

सर नमस्कार, जळगावात रिपेरिंगचं काम करतो. टाकायचं काय ते बाकीचे सांगतील, मी आधी डब्याचं सांगतो कारण लोक सॉफ्टवेअरवर रात्री जागवतात आणि रोग निघतो हार्डवेअरमध्ये.

पहिली गोष्ट, ती फिरणारी हार्डडिस्क काढा. फोर्थ जनरेशनचा आय थ्री आजही शाळेच्या कामाला वाईट नाही, त्याचा गळा डिस्कने दाबलाय. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी (न फिरणारी, चिपवरची डिस्क) टाका, पैसे आहेत ते इथेच घाला. रॅम ८ केली तर सोनं, डीडीआर थ्री लागते त्याला, जुन्या बाजारात मिळून जाते, पण पैसा एकाच ठिकाणी घालायचा असेल तर एसएसडी आधी.

दुसरी गोष्ट, प्रत्येक मशीनचा बायोसचा (मशीन चालू होताना आधी चालतो त्या मूळ प्रोग्रामचा) सेल बदला, सीआर २०३२, बटणासारखा असतो तो. दहा-बारा वर्षांची मशीन आहेत, सेल मेलेलेच असणार. गोलाणीत होलसेलमध्ये पट्टी घेतली तर खर्च काहीच नाही.

तिसरं, डबा उघडलाच आहे तर ब्लोअर मारा, बाहेर अंगणात नेऊन, आणि मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, भरभर फिरू देऊ नका. आपल्याकडे जिनिंगच्या आसपासची मशीनं उघडली की आत अक्षरशः कापूस निघतो, प्रोसेसरच्या पंख्याखाली गादी झालेली असते. वरची पेस्ट सुकून खडू झाली असेल तर तीही नवी लावा. मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा बंद खोलीत बिचारं मशीन स्लो नाही होणार तर काय.

फुकटात_राजा

एवढं काय त्यात भो, ११ ची अॅक्टिव्हेटरवाली, म्हणजे लायसन्स न घेता चालणारी, फाईल मिळते, चेक बायपास करून टाकून द्या, कोण बघायला येतंय गावात.

तापी_पेंग्विन

वरच्या भाऊंचं ऐकू नका सर. कोण बघतंय हा मुद्दाच नाही, त्या अॅक्टिव्हेटरमध्ये काय भरलेलं असतं ते कोणालाच माहीत नसतं आणि तो चालवायला तुम्ही स्वतःच्या हाताने अँटीव्हायरस बंद करता. शाळेच्या पीसीवर पोरांचे आधार नंबर, पालकांचे मोबाईल, सगळं असतं.

आता पर्याय काय ते सांगतो, जरा लांबेल.

विंडोज ११ ला कागदावर टीपीएम २.० ही सुरक्षा चिप, यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) सिक्युअर बूट आणि इंटेलमध्ये साधारण आठव्या जनरेशनच्या पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचे १८ पीसी यात बसत नाहीत. रुफस नावाच्या साधनाने पेनड्राईव्ह बनवताना ही तपासणी काढून टाकता येते आणि फोर्थ जनरेशनवर ११ चालतंही, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही आणि वर्षाचं मोठं अपडेट आपोआप येत नाही, ते दरवेळी हाताने चढवायचं. एखाद्या घरच्या पीसीला ठीक आहे, २२ पीसी आणि एकटे तुम्ही, नका करू. कोअर टू ड्युओवर तर विषयच संपला, ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सोयी लागतात, त्या त्यात नसतात, बायपास करा नाहीतर नवस बोला, बूटच होणार नाही.

विंडोज १० वरच राहायचं तर ईएसयू म्हणून पैसे देऊन सिक्युरिटी अपडेट मिळतात. घरगुतीवाली योजना १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते आणि ती संस्थांसाठी नाही. शिक्षणसंस्थांसाठी वेगळी आहे, एका मशीनला पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४, हे स्वस्त आहे खरं, पण त्यासाठी संस्थेचं व्हॉल्यूम लायसन्सिंग (एकगठ्ठा परवान्यांचा करार) लागतं. तुमच्या संस्थेचं असेल तर ऑफिसच्या एखाद-दोन पीसीसाठी जरूर घ्या.

लॅबसाठी माझं सरळ मत, लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी टाकायची फुकट सिस्टिम. मिंट २२ ची मालिका उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे आत्ता आठवीत आलेला पोरगा दहावी होऊन गेला तरी चालेल. १८ पीसीवर सिनॅमन किंवा त्याहून हलका एक्सएफसीई डेस्कटॉप, एसएसडी असेल तर दोन्ही पळतात. ४ म्हाताऱ्यांवर फक्त एक्सएफसीई, आणि त्यांच्यावर ब्राउझरच्या दोन-तीन टॅबपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, पोरांना फरक जाणवत नाही, फरक जाणवतो तो स्टाफरूमला.

आता क्लोन. एकेकावर टाकत बसू नका. क्लोनझिला नावाचं फुकट साधन आहे, पेनड्राईव्हवरून बूट होतं. एक मशीन नटवून-सजवून तयार करायचं, लिबर ऑफिस, जिओजेब्रा, स्क्रॅच, मराठी कीबोर्ड, वॉलपेपर, सगळं. अपडेट मारून घ्यायचे, त्यामुळे तुमचं गावातलं इंटरनेट एकदाच वापरलं जाईल. मग त्याची इमेज बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्यायची आणि ती बाकीच्यांवर उतरवायची. तो डिस्कचे वापरलेले ब्लॉकच उचलतो, त्यामुळे २४० जीबीची डिस्क असली तरी आत १२-१५ जीबीच भरलेलं असेल तर इमेज त्याहून लहानच बनते.

एक गोष्ट मात्र आत्ताच लिहून ठेवा. मास्टर मशीनची एसएसडी सगळ्यात लहान असली पाहिजे. क्लोनझिला मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर सरळ उतरवत नाही. २५६ वर मास्टर बनवला आणि नंतर दुकानदाराने २४० वाल्या दिल्या की डिस्क लहान आहे म्हणून थांबणार. वेगवेगळ्या कंपनीच्या २४० मध्येही थोडाफार फरक निघतो, म्हणून सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या घ्या.

सातपुडा_मास्तर

खूप आभार, तापी_पेंग्विन भाऊ, एवढं कोणी बसून सांगत नाही. एसएसडी आणि सेलचं संस्थेला पत्र देतो. मुख्याध्यापक म्हणतात की लिनक्सवर मराठी टायपिंग होतं का आणि जुन्या प्रश्नपत्रिका उघडतील का, त्या सगळ्या श्रीलिपी नाहीतर कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. आणि पोरं डेस्कटॉपवर काहीही करून ठेवतात, आयकॉन उडवतात, पासवर्ड बदलतात, त्याला काय करू?

तापी_पेंग्विन

मराठी टायपिंग मस्त होतं. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासूनच असतो, कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी जोडलं की झालं. उच्चारानुसार टाईप करणाऱ्यांसाठी आयबस आणि एम१७एन टाका, इंग्रजी अक्षरं दाबली की मराठी उमटतं.

कृतिदेव-श्रीलिपीच्या फायली हा लिनक्सचा प्रश्न नाही, त्या युनिकोड नाहीतच, तो फॉन्ट नसेल तर विंडोजवरही कचराच दिसतो. फॉन्ट टाकला तर उघडतील आणि छापताही येतील, पण टाईप करायला तेच जुनं सॉफ्टवेअर लागेल. म्हणून ऑफिसचा एक पीसी विंडोजवरच ठेवा, प्रश्नपत्रिका, डिजिटल सहीचं टोकन, प्रिंटर, सगळी कटकट त्या एकावर. युडायस (शाळेची माहिती), शालार्थ (पगार) हे ब्राउझरमधलं काम आहे, ते कुठूनही होईल.

पोरांसाठी गेस्ट सेशन चालू करा. मिंटमध्ये लॉगिन विंडोच्या सेटिंगमध्ये तो पर्याय असतो, मुळात बंद असतो. पोरगं पासवर्डशिवाय आत जातं, हवं ते करतं, आयकॉन उडवतं, आणि लॉगआउट केलं की सगळं पुसलं जातं. फक्त त्यांना आधीच सांगून ठेवा की जपायचं ते पेनड्राईव्हवर घ्या, नाहीतर पहिल्याच दिवशी कोणाचं तरी प्रोजेक्ट जाईल आणि पालक शाळेत येतील. आणि टाईमशिफ्टने मास्टरवर एक स्नॅपशॉट (सिस्टिम बिघडली तर परत मागे नेता येईल अशी प्रत) घेऊन ठेवा, इमेजसोबत तोही सगळीकडे जाईल.

धुळे_नेटवर्क

मी धुळ्याला कॉलेजात लॅब सांभाळते, थोडं माझ्याकडून.

क्लोनझिलाचा लाईट सर्व्हर म्हणून प्रकार आहे, एक मशीन पेनड्राईव्हवर चालू करायचं, बाकीची सगळी नेटवर्कवरून म्हणजे पीएक्सईने बूट करायची आणि मल्टिकास्टने एकाच वेळी सगळ्यांवर इमेज उतरते. बघायला फार भारी वाटतं, सगळ्या स्क्रीनवर एकसारखी पट्टी सरकते. पण सर तुमच्या लॅबसाठी मी ते सांगणार नाही. मल्टिकास्टमध्ये सगळ्यात हळू मशीन जितक्या वेगाने घेतं तितक्याच वेगाने बाकीची चालतात. एखादी केबल उंदराने कुरतडलेली असली, आठ तारांपैकी चारच लागत असल्या, तर ती लाईन गिगाबिटची १०० एमबीपीएसवर येते आणि तिच्यामुळे बाकी सगळी वर्गाबाहेर उभी. शाळांमध्ये स्विचही बहुतेक १०० चाच असतो. त्यात मध्येच लाईट गेली की सगळ्याच डिस्क अर्धवट. शिवाय राऊटरचा डीएचसीपी आणि क्लोनझिलाचा डीएचसीपी दोघं एकाच वेळी आयपी वाटायला लागले की मग नुसता गोंधळ, करायचंच असेल तर राऊटरची केबल आधी स्विचमधून काढून ठेवायची.

तुम्हाला एसएसडी नव्या बसवायच्याच आहेत ना? मग डब्यात बसवायच्या आधीच टेबलावर क्लोन करून घ्या. एका पीसीचं झाकण उघडं ठेवा, साटाचे जेवढे पोर्ट रिकामे आहेत तेवढ्या नव्या एसएसडी एकदम लावा, क्लोनझिलामध्ये एका इमेजवरून अनेक डिस्क असा पर्याय आहे, मास्टरची डिस्क मात्र काढून ठेवा म्हणजे चुकून तिच्यावरच इमेज चढायची भीती नाही. त्या एका पीसीला यूपीएस द्या, लाईट गेली तरी काम चालू. झालेल्या एसएसडीवर चिठ्ठी लावा आणि दुसऱ्या खोलीत कोणीतरी त्या डब्यात बसवत राहू दे. नेटवर्क लागतच नाही.

इमेज घ्यायच्या आधी मास्टरवर एक काम करा. स्लॅश ईटीसी मध्ये मशीन-आयडी नावाची फाईल असते, ती डिलीट नाही, नुसती रिकामी करा, मग प्रत्येक मशीन पहिल्यांदा चालू होताना स्वतःचा नवा आयडी बनवतं. एसएसएच (दुरून लॉगिन करायचं साधन) टाकलं असेल तर त्याच्या होस्ट की पण काढा. नाहीतर २२ मशीन कागदोपत्री एकच मशीन होऊन बसतात.

विंडोज क्लोन करणारे कोणी वाचत असतील तर त्यांच्यासाठी, सिसप्रेप जनरलाईज (मशीनची ओळख पुसायचं काम) केल्याशिवाय इमेज घेऊ नका. पूर्वी लोक म्हणायचे सारखा एसआयडी (मशीनचा ओळख क्रमांक) असला तरी काही होत नाही, चालून जायचं. २०२५ च्या ऑगस्टअखेरच्या अपडेटपासून ११ च्या २४एच२ आणि २५एच२ वर सारखे एसआयडी असलेल्या मशीन एकमेकींना ओळखायला नकार देतात, शेअर फोल्डर उघडत नाही, रिमोट डेस्कटॉप होत नाही, बरोबर पासवर्ड टाकला तरी चुकीचा म्हणतात.

केळीचा_ट्रक

धाग्यात मधेच घुसतो माफ करा, रावेरला केळीच्या गाडीचा हिशोब माझ्या लॅपटॉपवर असतो. इलेव्हन्थ जनरेशन आय फाईव्ह, फॉरमॅट मारायला बसलो तर विंडोजच्या सेटअपमध्ये डिस्कच दिसत नाही, यादी रिकामी. एसएसडी उडाली का?? दुकानवाला म्हणे नवी टाका

गोलाणी_गल्ली

भाऊ थांबा, नवी घेऊ नका. अकराव्या जनरेशनपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये इंटेलचा व्हीएमडी (डिस्क सांभाळणारा कंट्रोलर) चालू असतो आणि सेटअपच्या पेनड्राईव्हमध्ये त्याचा ड्रायव्हर नसतो म्हणून डिस्क दिसत नाही. बायोसमध्ये एसएसडीचं नाव दिसतंय का बघा. दिसत असेल तर ती जिवंत आहे. लॅपटॉप कंपनीच्या साईटवरून तुमच्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर दुसऱ्या पीसीवर उतरवा, फाईल सोडवून फोल्डर त्याच पेनड्राईव्हवर टाका, सेटअपमध्ये लोड ड्रायव्हर दाबून तो फोल्डर दाखवा, डिस्क लगेच येते. आणि आधीचं विंडोज अजून चालू होत असेल तर हिशोबाचा बॅकअप आधी घ्या, बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ आकडी की पण मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून लिहून ठेवा. व्हीएमडी बायोसमधून बंद करायचा सल्ला कोणी देईल, आतलं विंडोज ठेवायचं असेल तर तसं करू नका, निळी स्क्रीन येईल.

केळीचा_ट्रक

दिसली भो दिसली. लै उपकार, सीझनमध्ये या, घड पाठवतो

सातपुडा_मास्तर

मंडळी, सामान आलं, काम चालू केलं. ताईंनी सांगितलं तसं टेबलावरच क्लोन करू राहिलो, दहावीची दोन पोरं डबे उघडून एसएसडी बसवू राहिली, त्यांना ह्यात जी मजा येऊ राहिली ती माझ्या तासाला कधी आली नाही. चालू व्हायचा वेळ बघून मुख्याध्यापक स्वतः येऊन दोनदा रिस्टार्ट करून गेले.

पण काही मशीननी डोकं खाल्लंय. तिघांवर संध्याकाळी सगळं व्यवस्थित चालू होतं, मेन स्विच बंद करून गेलो, सकाळी लावलं तर "नो बूटेबल डिव्हाइस". चौथं एक बूट होतं पण ब्राउझरमध्ये एकही साईट उघडत नाही, सर्टिफिकेटची चूक दाखवतं, अपडेट मारलं तर म्हणतं फाईल अजून वैध नाही, अजून म्हणजे काय? आणि एक पाचवं मशीन आहे ते कधी लॉगिनला अडकतं, कधी फायरफॉक्स आपोआप बंद, त्याच्यावर परत इमेज टाकायला गेलो तर कधी ३० टक्क्यांवर एरर, कधी ८० वर. एसएसडी बदलून पाहिली, तेच. इमेज खराब आहे म्हणावं तर बाकीच्यांवर तीच चालतेय.

सेल अजून आले नाहीत, दुकानात पट्टी संपली होती.

गोलाणी_गल्ली

तुमच्या शेवटच्या ओळीतच पहिल्या चार मशीनचं उत्तर आहे सर.

मेन स्विच बंद झाला की मेलेल्या सेलवालं मशीन बायोसच्या सगळ्या सेटिंग विसरतं आणि कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं. तुमच्या त्या तिघांवर मूळ सेटिंग लेगसी, म्हणजे जुन्या बायोस पद्धतीच्या, बूटची असणार. इमेज तुम्ही यूईएफआयमध्ये बनवली, डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची, लेगसीला त्यात बूट सापडत नाही. डिस्कला काही झालेलं नाही. बायोसमध्ये जाऊन बूट मोड परत यूईएफआय करा, चालू होतील, सेल येईपर्यंत रोज सकाळी करावं लागेल एवढंच.

चौथं मशीन, बायोसमधली तारीख बघा, २०१३-१४ ची काहीतरी दिसेल. वेबसाईटचं सर्टिफिकेट अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत असतं, मशीनला वाटतंय आपण दहा वर्षं मागे आहोत म्हणून आजचं सर्टिफिकेट त्याच्या दृष्टीने अजून जन्मलेलंच नाही. अपडेटवाली फाईल "अजून वैध नाही" म्हणते ती त्याच हिशोबाने. तारीख नीट करा, दोन्ही एका झटक्यात जातील.

धुळे_नेटवर्क

चार कोअर टू ड्युओ मशीनचं काय केलं सर? त्यांना यूईएफआय नसणार, ही इमेज त्यांच्यावर बूट होणार नाही, सेल नवे टाकले तरी. त्यांच्यातल्या एकावर वेगळं इन्स्टॉल करून त्याची दुसरी इमेज घ्या.

किंवा मग सगळं लेगसीत केलं असतं तर २२ ला एकच इमेज पुरली असती, आणि मूळ सेटिंग लेगसी असलेल्या मशीनचा सेल मेला तरी बूट झालं असतं. फोर्थ जनरेशनला दोन्ही मोड चालतात.

तापी_पेंग्विन

ताई, लेगसीचं मला पटत नाही. चार म्हाताऱ्यांसाठी १८ चांगली मशीनं मागे का ओढायची? ते चार उद्या भंगारात जातील, १८ अजून बरीच वर्षं चालतील. दुसरी इमेज घेणं म्हणजे एक दुपार.

पाचव्या मशीनचं मी सांगतो. चूक दरवेळी वेगळ्या जागी येते हे महत्त्वाचं आहे. इमेज खराब असती तर दरवेळी त्याच टक्क्यावर अडकलं असतं, आणि बाकीच्यांवरही. डिस्क तर तुम्ही बदलून पाहिलीच. जागा बदलत राहणारी चूक म्हणजे पहिला संशय रॅमवर. मशीन बंद, पिन काढा, रॅमची पट्टी काढून सोनेरी टोकं पेन्सिलच्या साध्या पांढऱ्या खोडरबरने पुसा, चुरा झटका, स्लॉटमध्ये फुंकू नका, तोंडातला ओलावा जातो, ब्रश फिरवा. परत बसवताना दोन्ही बाजूंनी टक्क आवाज आला पाहिजे. मग क्लोनझिलाच्याच पेनड्राईव्हच्या मेनूमध्ये मेमरी टेस्ट असते ती लावून रात्रभर चालू ठेवा. एक जरी लाल ओळ दिसली तरी ती पट्टी बाद, एक एरर असली तर चालेल का असं विचारू नका, नाही चालत. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा म्हणजे नेमकी कोणती ते कळेल.

आणि रॅम स्वच्छ निघाली तर मग उष्णता बघा, त्या मशीनचा पंखा फिरतोय ना?

गोलाणी_गल्ली

आणि तिसरा संशय पॉवर सप्लाय. आपल्याकडे होल्टेज असं नाचतं की एसएमपीएसमधले कपॅसिटर फुगतात. शेजारच्या चालू मशीनचा एसएमपीएस तात्पुरता लावून बघा. पण पैज लावतो, रॅमच आहे.

सातपुडा_मास्तर

गोलाणी भाऊ पैज जिंकले. दोन पट्ट्या होत्या, एकीवर मेमरी टेस्ट सुरू होताच पडदा लाल. खोडरबरनेही सुधारली नाही, काढून टाकली, आता २ जीबीवर चालू आहे आणि अडकत नाही. सेल आले, बावीसच्या बावीस बदलले, तिघं सुतासारखी सरळ. चौथ्याची तारीख २०१४ होती, म्हटल्याप्रमाणे.

चार म्हाताऱ्यांची दुसरी इमेज केली, एक्सएफसीई. पाचवीची पोरं त्यांच्यावर रंगवायचं सॉफ्टवेअर चालवतील, तेवढं चालतंय.

आता दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. वेऑन टाकलंय, माझ्या मशीनवरून सगळ्यांच्या स्क्रीन दिसतात, हे फार आवडलं, पण सगळ्यांचं नाव एकच "मास्टर-पीसी" दिसतं, कोण कोणत्या बाकावर कळत नाही. आणि लॅबमधून प्रिंट जात नाही. ऑफिसच्या विंडोज पीसीला ते छोटं जुनं लेझर प्रिंटर आहे, शेअर केलं, मिंटला दिसतंय पण छापत नाही.

धुळे_नेटवर्क

नाव क्लोनसोबत आलंय, ते प्रत्येकावर एकदा बदलावं लागेल. टर्मिनलमध्ये होस्टनेमसीटीएल ने नवं नाव द्या, आणि स्लॅश ईटीसी मधल्या होस्ट्स फाईलमध्येही तेच नाव बदला, दुसरं राहिलं तर सुडो (अॅडमिनच्या हक्काने आज्ञा द्यायचं साधन) चालवताना दरवेळी कुरकुर करतं. नाव देताना बाक क्रमांकच द्या, लॅब-०१, लॅब-०२, आणि तोच आकडा मार्करने डब्यावर लिहा. फुलांची-नद्यांची नावं देऊ नका, आमच्याकडे एका सरांनी दिली होती, आता गोदावरी कुठली आणि गिरणा कुठली हे त्यांनाच माहीत आणि ते रिटायर झाले.

तापी_पेंग्विन

प्रिंटरचा नाद सोडा सर. ती छोटी जुनी लेझर मशीनं स्वतःचं डोकं वापरत नाहीत, पान तयार करायचं सगळं काम पीसीवरच्या ड्रायव्हरकडून करून घेतात, आणि लिनक्ससाठीचा ड्रायव्हर असला तर असा जुना असतो की तो बसवण्यात सुट्टी संपेल. शेअर केलं तरी लिनक्सच्या बाजूला ड्रायव्हर लागतोच. लिबर ऑफिसमधून पीडीएफ काढा, ऑफिसच्या पीसीवर एक शेअर फोल्डर करा, त्यात टाका, तिथून छापा.

सातपुडा_मास्तर

हे बरं आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं, ते म्हणे उत्तम, लॅबमधून प्रिंट जातच नाही असंच सांगा पोरांना, कागदाचं बिल मला द्यावं लागतं.